आधी चर, मग मुरूम
लेखमाला : बांधापासून डांबरीपर्यंत (भाग ४)

गाव नकाशावरची दुहेरी तुटक रेष म्हणजे गाडीमार्ग, एकेरी तुटक रेष म्हणजे पायमार्ग आणि अडवलेली वहिवाट मोकळी करून घ्यायची ती तहसीलदारांकडे, इथपर्यंत आपण मागच्या तीन भागांत आलो. आता धरून चालू की रस्त्याची जागा मिळाली, शेजाऱ्याशी बोलणी झाली आणि वस्तीपासून डांबरीपर्यंतचा शे-दोनशे मीटरचा पट्टा मोकळा झाला. यापुढे बारामती-इंदापूरकडे सहसा एकच गोष्ट होते. जेसीबी येतो, पट्टा सारखा करतो, दोन दिवस डंपर मुरूम ओततात, जेसीबीच तो पसरवतो आणि रस्ता झाला असे सगळे मानतात. पुढच्या दिवाळीपर्यंत त्याच रस्त्यात चाकोऱ्या पडतात, तिसऱ्या वर्षी मुरूम काळ्या मातीत दिसेनासा होतो आणि पुन्हा डंपर बोलवावा लागतो. दोष मुरमाला दिला जातो, नाहीतर ठेकेदाराला. माझे म्हणणे वेगळे आहे. आपल्याकडचे वस्तीचे रस्ते मुरूम कमी पडल्यामुळे फारसे बिघडत नाहीत, पाणी काढून न दिल्यामुळे बिघडतात. म्हणून रस्त्यासाठी ठेवलेला पहिला रुपया चरावर आणि उतारावर खर्च व्हावा, मुरमाची पाळी त्यानंतरची.

याचे कारण जमिनीत आहे. दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन बनलेली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आक्रसून भेगाळते. कोरडी असताना ती इतकी टणक असते की तिच्यावरून भरलेली ट्रॉली सहज जाते. भिजल्यावर तीच माती लोण्यासारखी होते. रस्त्याचे अभियंते मातीची भार पेलण्याची ताकद सीबीआर नावाच्या चाचणीने मोजतात आणि पूर्ण भिजलेल्या काळ्या मातीत हा आकडा दोन-तीन टक्क्यांवर येतो. स्कॉटलंडचा जॉन मॅकअ‍ॅडम दोनशे वर्षांपूर्वी हेच सांगत होता. भार शेवटी मूळ जमीनच पेलते, वरच्या खडीचे मुख्य काम त्या जमिनीला कोरडे ठेवण्याचे, हा त्याच्या पद्धतीचा गाभा. आपल्याकडे डब्ल्यूबीएम म्हणून ओळखला जाणारा खडीकरणाचा प्रकार त्याच्याच नावाने चालतो, पण त्यातली खडी आपण घेतली आणि कोरडेपणाची अट सोडून दिली.

दुसरी बाजू भाराची. वस्तीवर वर्षभर येते-जाते ती मोटरसायकल, दुधाचा टेम्पो, एखादी चारचाकी. यांनी रस्ता मोडत नाही. तो मोडतो सोमेश्वर, माळेगाव, छत्रपती, कर्मयोगी किंवा नीरा-भीमा कारखान्याकडे निघालेल्या उसाने. दोन ट्रॉल्यांत मिळून पंधरा-वीस टन ऊस भरलेला असतो आणि तो मोजक्या आसांवर येतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांची मोठी चाचणी झाली. आसावरचा भार दुप्पट झाला की रस्त्याचे नुकसान सुमारे सोळापट होते, असा ढोबळ नियम तिच्यातून निघाला. ती चाचणी डांबरी आणि काँक्रीट रस्त्यांवरची होती, त्यामुळे मुरमाच्या रस्त्याला तो आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही. दिशा मात्र तीच आहे. वर्षभराच्या हलक्या वाहतुकीपेक्षा उसाच्या थोड्या दिवसांत रस्त्याचे भवितव्य ठरते, आणि त्या दिवसांत खालची माती ओली असेल तर वरचा मुरूम कितीही चांगला असला तरी तग धरत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. हा पर्जन्यछायेचा मुलूख, वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, इथे कोकणासारखे चर कशाला? आकडा खरा आहे, पण तो पुरी गोष्ट सांगत नाही. या पट्ट्यात पावसाचा जोर सप्टेंबरमध्ये आणि परतीच्या सरींत असतो. म्हणजे गळीत हंगामाच्या तोंडावर माती सर्वांत ओली असते आणि ऊसतोडीचा दिवस ठरवणे शेतकऱ्याच्या हाती नसते. ऑक्टोबर २०२० आणि मे २०२५ मध्ये याच दोन तालुक्यांनी एरवी महिनोन्महिन्यांत पडतो तेवढा पाऊस थोड्या दिवसांत पाहिला. त्याहून मोठे कारण आभाळातले नाही, कालव्यातले आहे. नीरा डावा कालवा १८८० च्या दशकात आला. काही दशकांतच नीरा खोऱ्यातल्या जमिनी पाझराने आणि क्षाराने बिघडू लागल्या. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातले डॉ. हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी १९१० मध्ये या क्षारपड जमिनींवर स्वतंत्र अहवाल लिहिला. ज्या पाण्याने रान चोपण होते, तेच पाणी रस्त्याखालीही असते. शेजारच्या उसाला पाटाने पाणी चालू असेल, पोटचारी पाझरत असेल, तर भर एप्रिलातही रस्त्याची एक बाजू ओली राहते. पाऊस पाचशे मिलिमीटर असला, तरी बारमाही बागायतीतल्या रस्त्याने कोरडवाहू रस्त्याचा हिशेब धरून चालत नाही.

मग बांधणीचा क्रम कसा असावा? सुरुवात फावड्याने नव्हे, पाण्याच्या वाटेने करावी. चर कोणत्या ओढ्याला, नाल्याला किंवा सखल भागाला मिळणार हे आधी ठरवावे, कारण तोंड नसलेला चर म्हणजे रस्त्याला लागून बांधलेले तळे. चराचा तळ रस्त्याच्या कडेपेक्षा दीड-दोन फूट खाली असावा आणि शंभर मीटरमागे निदान अर्धा मीटर उतार मिळावा. रस्त्याखालून पाणी न्यायचे तिथे सिमेंटचा नळा घालावा. तो साफ करता येईल एवढा रुंद हवा, नाहीतर पाचट आणि गाळ पहिल्या पावसातच त्याला बुजवतात. त्याच वेळी ठिबकाच्या किंवा उपसा पाइपलाइनसाठी एक-दोन रिकामे पाइप आडवे पुरून ठेवावेत. तयार रस्ता पाइपलाइनसाठी मधोमध फोडला की तिथली माती पुन्हा तशी दबत नाही आणि ट्रॉली नेमकी तिथेच रुतते.

त्यानंतर पट्ट्यावरचा पालापाचोळा आणि मुळांची माती खरवडून काढावी आणि रस्त्याची पातळी आजूबाजूच्या रानापेक्षा किमान फूटभर वर आणावी. रानाच्या पातळीला किंवा त्याखाली असलेला रस्ता पावसाळ्यात ओढ्याचे काम करतो. काळ्या मातीवर थेट मोठे दगड किंवा बांधकामाचा राडारोडा टाकण्याची पद्धत सोडावी. भार आला की दगड खाली जातात आणि दगडांच्या फटींतून माती वर येते. आधी बारीक मुरमाचा चार बोटे जाडीचा थर दाबून घ्यावा, म्हणजे तो माती आणि वरच्या थरामध्ये पडद्यासारखा राहतो. मग कठीण मुरूम किंवा खडी-मुरूम. हाही एकदम ओतायचा नाही. सैल सहा इंचांचा थर पसरावा, टँकरने पाणी मारावे, रोलरने दाबावा आणि मगच दुसरा थर द्यावा. कोरडा मुरूम कितीही फिरून दाबला तरी सैलच राहतो आणि चिखल झालेला मुरूम रोलरखाली लाटेसारखा सरकतो. मुठीत दाबल्यावर गोळा होईल पण हाताला पाणी लागणार नाही, एवढी ओल योग्य.

मुरूम निवडताना रंग पाहू नये, त्यातली माती पाहावी. नुसती खडी चाकाखाली सुटते आणि कडेला जाते. फार मातकट मुरूम पहिल्या पावसात निसरडा होतो. खडे, बारीक रेती आणि त्यांना धरून ठेवण्यापुरती चिकण माती असे मिश्रण हवे. तीन मीटर रुंद आणि शंभर मीटर लांब रस्त्यावर दाबलेला सहा इंचांचा थर हवा असेल तर पंचेचाळीस घनमीटर, म्हणजे साधारण सोळा ब्रास माल लागतो. दबल्यावर मुरूम बसतो, म्हणून सैल मोजमापाने वीस ब्रास धरावेत. मुरूम हे गौण खनिज आहे, त्यामुळे तो आणताना रॉयल्टी भरलेला वाहतूक परवाना पाहून घ्यावा. परवान्याविना मालाचा दंड मालाच्या किमतीहून महाग पडतो. शेवटी माथा. मुरमाच्या रस्त्याला मध्यापासून कडेकडे चार टक्क्यांचा उतार हवा. तीन मीटर रुंदीला याचा अर्थ मध्यभाग कडांपेक्षा सहा सेंटिमीटर उंच. दोरी ओढून आणि पट्टी लावून तो मोजावा, कारण जेसीबीच्या बकेटने सारखा केलेला रस्ता जवळजवळ नेहमी सपाट निघतो, आणि सपाट मुरमावर पाणी थांबले की पहिला खड्डा तिथेच पडतो.

दुसरा आक्षेप जमिनीचा. बागायती रानात गुंठ्याला किती भाव आहे, मग चरासाठी जमीन कोण देणार? हिशेब मांडला तर भीती कमी होते. अर्धा मीटर रुंदीचा चर शंभर मीटर नेला तर पन्नास चौरस मीटर, म्हणजे अर्धा गुंठा जातो. चर नसेल तर चाकोरी चुकवायला ट्रॅक्टर दरवर्षी बाजूने जातो आणि रस्ता एक-दोन मीटर शेजारच्या उसात सरकतो. त्यात जाणारी जमीन जास्त असते, आणि तिच्यावरून होणारे भांडण आणखी वेगळे. शिवाय तोच चर रानातला जादा पाझर उचलतो. क्षारपड होऊ घातलेल्या शेताला तो रस्त्याइतकाच उपयोगी आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. एवढी यातायात करण्यापेक्षा एकदाच काँक्रीट का करू नये? पालखी मार्ग काँक्रीटचा झालेला लोक रोज पाहतात, त्यामुळे इच्छा रास्त आहे. पण त्या रस्त्याखाली काय काय थर आणि किती गटारव्यवस्था आहे, हे वरून दिसत नाही. फुगणाऱ्या-आक्रसणाऱ्या काळ्या मातीवर चर न काढता ओतलेली सहा इंचांची पट्टी कडेला भेगाळते, मग तुकड्यातुकड्याने खचते, आणि तुटलेले काँक्रीट दुरुस्त करणे मुरूम दुरुस्त करण्यापेक्षा कितीतरी महाग. ज्या रस्त्यावर दररोज मोठी वर्दळ आहे तिथे काँक्रीटच योग्य, हे मान्य केले पाहिजे. दोन-चार वस्त्यांच्या रस्त्याला मात्र मुरूमच परवडतो आणि उद्या काँक्रीट करायचे ठरले तरी आज केलेला चर आणि दाबलेला भराव वाया जात नाही. तोच त्याचा पाया होतो.

राहिली निगा. मुरमाचा रस्ता बांधून विसरायचा नसतो, ही त्याची खरी अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. पण निगेचे काम फार नाही. जूनआधी चर आणि नळे साफ करणे, पावसाळ्यात पाणी साचलेली जागा दिसली की तिथून चरापर्यंत कुदळीने वाट काढून देणे आणि परतीचा पाऊस थांबल्यावर, माती अजून ओलसर असताना, कडेला गेलेला मुरूम फळीने मध्यावर ओढून दाबून घेणे. खड्डा भरताना कोरडा मुरूम टाकून चालत नाही. खड्ड्याच्या कडा चौकोनी कापाव्यात, ओलावा द्यावा, मग भरून ठोकावा. मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेने २०२१ मध्ये शेत-पाणंद रस्त्यांना रोजगार हमीची जोड दिली. त्या हमीत मजुरीचा वाटा मोठा ठेवावा लागे, आणि चर खोदणे हे तर मजुरीचेच काम. तरीही मागण्या होतात त्या मुरमाच्या ब्रासच्या. रस्ता वापरणाऱ्या कुटुंबांनी ट्रॉलीमागे थोडी रक्कम बाजूला ठेवली तर निगेसाठी कुणाच्या दारात जावे लागणार नाही.

म्हणून या हंगामात डंपरची ऑर्डर देण्याआधी एक काम करा. चांगला पाऊस पडत असताना आपल्या रस्त्यावर उभे राहा आणि पाणी कुठून येते, कुठे थांबते आणि कुठे जाते ते कागदावर काढा. तो कागद हातात असल्याशिवाय एक ब्रासही मुरूम टाकू नका. पुढच्या भागात दोन गटांच्या सामाईक बांधावरचा चर कोणी खोदायचा, त्याचा खर्च कसा वाटायचा आणि तो लेखी कसा ठेवायचा, हे पाहू.