वरचं धरण, खालची वीज: फायदा मोजायचा कसा?

आपल्या जायकवाडीचा जिवंत साठा २१७१ दलघमी. मध्य प्रदेशात नर्मदेवर असलेल्या इंदिरासागरचा त्याच्या साधारण साडेचारपट. एवढ्या पाण्याचा फायदा एकट्या इंदिरासागरलाच होतो का? नाही. त्यात महाराष्ट्राचाही वाटा आहे.

आधी मूळ गणित बघू. सेकंदाला एक घनमीटर पाणी १०० मीटरवरून पडलं, तर सैद्धांतिक शक्ती सुमारे ९८० किलोवॅट. पण टर्बाइन ठरावीक मर्यादेपर्यंतच पाणी घेतं. पुरात जास्तीचं पाणी सांडव्यावरून निघून जातं, त्याची वीज होत नाही. उन्हाळ्यात टर्बाइन तयार असतं, पण नदीला पाणी नसतं. वरचं धरण पुराचं पाणी अडवून नंतर सोडतं, त्यामुळे खालच्या प्रकल्पाला वर्षभर पाणी मिळतं आणि स्वतःचा मोठा जलाशयही बांधावा लागत नाही.

इंदिरासागर (१००० मेगावॅट) २००५ मध्ये पूर्ण क्षमतेने सुरू झाला. त्याच्या खाली, त्यानंतर आलेला ओंकारेश्वर (५२० मेगावॅट) मुख्यतः त्यानेच सोडलेल्या पाण्यावर चालतो. तेच पाणी पुढे सरदार सरोवरात येतं. तिथल्या १४५० मेगावॅटच्या प्रकल्पातल्या विजेत महाराष्ट्राचा हिस्सा २७ टक्के आहे. याच धरणाच्या बुडितात नंदुरबारची ३३ गावं आली, हेही विसरू नका.

मग वरच्या धरणाचा खर्च कोणी सोसायचा? नर्मदा पाणीतंटा लवादाने १९७९ मध्ये ठरवलं, की त्या धरणाच्या खर्चाच्या १७.६३ टक्के रक्कम गुजरातने मध्य प्रदेशाला द्यावी. कोलंबिया नदीवर १९६१ च्या करारात कॅनडाने साठवण करायची आणि त्यामुळे अमेरिकेत वाढणाऱ्या विजेचा अर्धा वाटा घ्यायचा, असं ठरलं.

पण वर धरण आहे म्हणजे खाली फायदा होणारच, असं समजू नका. पैठणला १२ मेगावॅटचं जलविद्युत केंद्र आहे आणि वर नाशिक-नगरची धरणं आहेत. मात्र तिथलं बरंचसं पाणी कालव्यांनी शेतात जातं. साठवण किती, याइतकंच पाणी नदीत कधी आणि किती सोडलं, हेही महत्त्वाचं.

आता संशोधनाचा मुद्दा. धरणाआधीची आणि नंतरची वीज यांची नुसती तुलना करू नका, कारण पाऊस दरवर्षी वेगळा असतो. आवक तीच ठेवून मॉडेल दोनदा चालवा: एकदा वरच्या धरणासह, एकदा त्याशिवाय. बाष्पीभवनातली घट धरा. अजून एक खाच आहे. खालची टर्बाइन्स वरच्या धरणाचं पाणी गृहीत धरूनच निवडलेली असतील, तर ‘धरण नसतं तर’ या स्थितीत तीच टर्बाइन्स ठेवल्याने फायदा फुगलेला दिसू शकतो. म्हणून प्रस्तावात ‘फायदा’ लिहिलंत, की पुढच्याच ओळीत लिहा: कोणत्या स्थितीच्या तुलनेत?