कुंडीत जगते, म्हणून वाचली का?

शिंदळ माकुडी पाहायची तर पावसाळा सरता सरता शिवनेरीच्या कातळाकडे नजर लावावी लागते, आणि सोबत दुर्बीण हवी. काळ्या कातळाच्या उभ्या भिंतीत जिथे चिमूटभर माती अडकते, तिथून तिच्या मांसल फांद्या खाली लोंबतात. फांद्यांवर पाच पाकळ्यांची तांबडी-जांभळी फुलं, त्यावर पिवळे ठिपके. फूल जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढं.

शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून ते ठेवलं. शिवनेरी, पुरंदरजवळचा वज्रगड, सज्जनगड अशा महाराष्ट्रातल्या मोजक्या कड्यांवरच ती आपसूक उगवते. शेळीचं तोंड आणि वणवा तिथवर सहसा पोहोचत नाही, म्हणून ती टिकली. मात्र एक दरड कोसळली, तर त्या जागची सगळी झाडं एका पावसात जातात.

नागपुरात माझ्या गच्चीवर रोपवाटिकेतून आणलेलं हेच झाड आहे. हिवाळ्यात त्याची पानं गळतात. मे महिन्यात पारा 45 अंशांवर चढतो, तेव्हा कुंडीत नुसत्या करड्या-हिरव्या कांड्या उरतात. साठवलेल्या पाण्यावर त्या तग धरतात. पावसाळा लागला की टोकांना पालवी फुटते. नवं रोप करणंही सोपं. फांदी धारदार पात्याने कापायची, चिरेवर खपली धरेपर्यंत सावलीत ठेवायची आणि मुरूम-रेतीत खोचायची. पाणी मोजकंच, जास्त झालं की बूड कुजतं.

पण अशा शंभर कुंड्या भरल्या, तरी ते एकच झाड शंभर ठिकाणी वाढलेलं असतं. रोग आला, हवामान बदललं, तर सगळ्या कुंड्यांची ताकद तेवढीच. वेगळेपण येतं बियांतून. त्यासाठी माशी हवी. परागकण सुटे नसतात, त्यांचे पुंजके असतात. फुलावर बसलेल्या माशीच्या अंगाला ते अडकतात आणि दुसऱ्या फुलापर्यंत जातात. मग जोडशेंगा धरतात, तडकतात, आणि रेशमी झुबका असलेलं बी वाऱ्यावर निघतं. त्यातलं एखादंच नेमक्या फटीत पडतं.

म्हणून जतनाच्या कामात कलमाइतकीच नोंद मोलाची. कोणती फांदी कोणत्या गडाची, हे रोपावरच्या पट्टीवर लिहिलेलं हवं. शिवनेरीचं आणि सज्जनगडचं रोप एकात मिसळलं, तर कड्यावर परत लावताना कुठलं कुठे न्यायचं हे कोण सांगणार? कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात हिच्याच कुळातल्या कंदीलपुष्पाच्या दुर्मिळ जाती जपल्या आहेत. अशी उद्यानं म्हणजे राखीव साठा. मूळ भांडवल कड्यावरच असतं.

गडसंवर्धनासाठी राबणाऱ्या तरुणांना म्हणूनच एक विनंती. तटबंदीच्या चिऱ्यांत घुसलेला पिंपळ काढायलाच हवा. पण तटाखालच्या नैसर्गिक कातळावर कोयता चालवण्याआधी वनस्पतींच्या जाणकाराला एकदा सोबत न्या, तेही पावसाळ्यात. उन्हाळ्यात ही झाडं वाळकी काटकीच वाटतात. फोटो टाकताना नेमकी जागा सांगू नका. हौस असेल तर रोपवाटिकेतलं रोप घ्या, कड्यावरची फांदी तोडू नका. हे झाड वाढवणं आपल्याला जमतं. त्याचा कडा आपल्याला नव्याने घडवता येणार नाही.