विसरलेला माणूसही माणूसच

'साठी बुद्धी नाठी' असं आपण सहज म्हणून जातो. पण किल्ली कुठं ठेवली हे विसरणं निराळं, आणि किल्ली कशासाठी असते हेच न उमगणं निराळं. हा दुसरा विसर मेंदूच्या आजाराचा. त्याचा एक प्रकार जर्मन डॉक्टर आल्त्सहायमर यांनी १९०६ साली प्रथम मांडला.

यात बहुधा आजचं आधी पुसलं जातं. सकाळी जेवलो की नाही, हे आठवत नाही. पण पाठ असलेला अभंग, जात्यावरची ओवी, हातात मुरलेलं काम पुष्कळ दिवस टिकतं. नातवाचं नाव विसरलेल्या आजीपुढं सूप ठेवा. हात कदाचित आपसूक तांदूळ निवडू लागतील. म्हणजे 'मी' एकट्या आठवणीत नसतो. तो सवयीत असतो आणि आपल्या हाकेतही असतो.

म्हणून 'ओळखा पाहू, मी कोण?' अशी परीक्षा घेऊ नये. 'आबा, मी तुमचा धाकटा,' असं आपणच सांगावं. 'यांना काय कळतंय!' असं त्यांच्यादेखत तर मुळीच बोलू नये. शब्द निसटला तरी अपमान कळतो.

विसर वाढू लागताच डॉक्टरांना दाखवावं; थायरॉईडसारखी काही कारणं बरी होण्याजोगी असतात. आणि गुरुजींनी मुलांकरवी आजीआजोबांच्या हकिकती वेळीच लिहून घ्याव्यात. पुढं त्याच वहीतून त्यांना त्यांची ओळख परत देता येईल.