भावना नेमकी कशामुळे उपजते?

राग, भीती, आनंद किंवा खिन्नता यांचे कारण विचारले असता माणूस सहसा एखाद्या प्रसंगाकडे बोट दाखवतो. वरिष्ठांनी चारचौघांत सुनावले म्हणून संताप आला, निकाल लागायचा होता म्हणून पोटात गोळा आला, असे त्याचे सरळ उत्तर असते. गेल्या सुमारे एकशे चाळीस वर्षांतील संशोधनातून मात्र असे दिसते की बाहेरचा प्रसंग, त्या वेळची शरीराची अवस्था आणि या दोहोंचा मेंदूने लावलेला अर्थ यांच्या संयोगातून भावना घडते, आणि माणूस स्वतःला जे कारण सांगतो ते या संयोगातील एक भागच असते, कित्येकदा तर तेवढेही नसते.

या वादाला आधुनिक रूप दिले ते अमेरिकन विचारवंत विल्यम जेम्स यांनी. ‘माइंड’ या नियतकालिकात 1884 साली लिहिलेल्या लेखात त्यांनी मांडले की भीती वाटते म्हणून शरीर कापत नाही, तर शरीर कापू लागते आणि त्या कापण्याची जाणीव हीच भीती असते. डेन्मार्कमधील वैद्य कार्ल लांगे हेही 1885 मध्ये स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षाला पोहोचले, म्हणून या मताला जेम्स-लांगे सिद्धांत असे नाव पडले. यातील शारीरिक बदल घडवते ती स्वायत्त मज्जासंस्था, म्हणजे हृदयाचे ठोके, घाम, पचन आणि रक्तवाहिन्यांचे आकुंचन अशा इच्छेच्या ताब्यात नसलेल्या क्रिया चालवणारी यंत्रणा. तिच्या जोडीला मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रिनलिन हे संप्रेरक रक्तात सोडतात.

हार्वर्डमधील शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी 1927 मध्ये या सिद्धांतावर जो हल्ला चढवला त्यातील सर्वांत बिनतोड मुद्दा असा होता, की राग आणि भीती यांत आतड्यांपासून हृदयापर्यंतचे बदल जवळजवळ सारखेच असतात आणि तसेच बदल तापात किंवा कडाक्याच्या थंडीतही होतात, मग भावना वेगवेगळ्या कशा जाणवतात? भरताच्या नाट्यशास्त्रातही हीच अडचण निराळ्या संदर्भात नोंदलेली आढळते, हे येथे सांगण्याजोगे आहे; स्तंभ, स्वेद, रोमांच आदी आठ सात्त्विक भावांचे वर्णन करताना तेथे अश्रूंची कारणे म्हणून आनंद, भय आणि शोक यांच्याच पंक्तीला धूर, जांभई, थंडी आणि रोग यांनाही बसवले आहे. नटाला लक्षणावरून भाव उभा करायचा असल्याने त्याचे काम भागते, पण शास्त्रज्ञाचे भागत नाही. स्पेनमधील वैद्य ग्रेगोरियो मारान्यॉन यांनी 1924 मध्ये दोनशेहून अधिक रुग्णांना अ‍ॅड्रिनलिन टोचून पाहिले, तेव्हा बहुतेकांनी केवळ धडधड आणि थरथर जाणवल्याचे सांगितले, तर काहींनी ‘भीती वाटल्यासारखे’ होते असे म्हटले, म्हणजे भावनेचा सांगाडा होता आणि प्राण नव्हता.

हा प्राण कुठून येतो, हे शोधण्यासाठी स्टॅन्ली शॅख्टर आणि जेरोम सिंगर यांनी केलेला प्रयोग 1962 मध्ये प्रसिद्ध झाला. मिनेसोटा विद्यापीठातील विद्यार्थ्यांना जीवनसत्त्वाचे इंजेक्शन म्हणून प्रत्यक्षात अ‍ॅड्रिनलिन देण्यात आले. काहींना त्याचे परिणाम खरे सांगितले, काहींना सांगितलेच नाहीत, आणि मग त्यांना अशा सोबत्याजवळ बसवले जो ठरवून एक तर धुडगूस घालत होता किंवा चिडून बडबडत होता. धडधडीचे कारण ज्यांना ठाऊक नव्हते त्यांच्यावर सोबत्याच्या वागण्याची छाप अधिक पडली, यावरून शारीरिक उत्तेजना आणि तिला परिस्थितीवरून दिलेले नाव मिळून भावना होते, असा द्विघटक सिद्धांत पुढे आला. पाठ्यपुस्तके हा प्रयोग फारच ठामपणे सांगतात. वस्तुतः मूळ आकडेवारीतील फरक बेताचेच होते, आणि 1979 मध्ये दोन स्वतंत्र प्रयोगांत असे आढळले की कारण न समजलेली उत्तेजना आनंद आणि राग यांपैकी कशाकडेही सारख्याच सहजतेने वळत नाही, ती बहुधा अस्वस्थतेकडेच झुकते. मात्र अर्थ लावण्याचे महत्त्व या दुरुस्तीने नाहीसे झाले नाही, कारण रिचर्ड लाझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1964 मध्ये वेदनादायक दृश्यांचा एकच चित्रपट वेगवेगळ्या निवेदनांसह दाखवला, तेव्हा वेदना नाकारणाऱ्या किंवा तटस्थ विश्लेषण करणाऱ्या निवेदनामुळे प्रेक्षकांच्या शरीरावरील ताणाची लक्षणेही कमी झाली होती. घटनेचे आपल्या हिताच्या दृष्टीने मेंदू जे झटपट मोजमाप करतो, त्याला मानसशास्त्रात मूल्यमापन म्हणतात.

मेंदूत भावनेची जागा शोधणाऱ्यांची नजर बराच काळ अमिग्डाला या बदामाच्या आकाराच्या लहानशा भागावर खिळलेली होती. एस. एम. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन महिलेत एका दुर्मीळ आनुवंशिक विकारामुळे दोन्ही बाजूंचे अमिग्डाला नष्ट झाले होते. साप, कोळी किंवा भीतिदायक चित्रपट यांपैकी कशानेही ती घाबरत नाही, उलट कुतूहलाने सापाला हात लावते, असे 2011 मध्ये संशोधकांनी नोंदवले. भीतीचे केंद्र सापडले असे वाटत असतानाच 2013 मध्ये तिला 35 टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा हुंगायला दिली गेली आणि ती प्रचंड भेदरली. तशीच इजा असलेल्या जुळ्या बहिणींमध्येही हेच घडले. याचा अर्थ बाहेरच्या धोक्याची वर्दी अमिग्डालामार्फत येत असली, तरी श्वास कोंडण्यासारखी आतून येणारी धोक्याची सूचना दुसऱ्या वाटेने भीतीपर्यंत पोहोचते. शरीराच्या अंतर्भागातून मेंदूकडे येणाऱ्या अशा संवेदनांना आंतरसंवेदन म्हणतात, आणि जेम्स यांचे म्हणणे त्या मर्यादित अर्थाने पुन्हा विचारात घ्यावे लागले आहे.

नित्याच्या चिडचिडीत शरीराची अवस्था किती निर्णायक ठरते, हे झोपेवरील अभ्यासांत स्पष्ट दिसते. सुमारे 35 तास जागे ठेवलेल्या निरोगी तरुणांना अप्रिय चित्रे दाखवली असता त्यांच्या अमिग्डालाची प्रतिक्रिया झोप घेतलेल्यांपेक्षा सुमारे 60 टक्क्यांनी तीव्र होती आणि तिला लगाम घालणाऱ्या कपाळामागील मेंदूच्या भागाशी असलेला संपर्क क्षीण झाला होता, असे 2007 च्या एका अभ्यासात आढळले. चित्रे दोन्ही गटांना सारखीच दाखवली होती.

आनंदाचे आणि निराशेचे कारण तर पुष्कळदा प्रसंगापेक्षा अपेक्षेत दडलेले असते. वोल्फराम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतील डोपामीन तयार करणाऱ्या पेशींच्या नोंदी घेतल्या, तेव्हा फळांचा रस अनपेक्षितपणे मिळाला की त्या पेशी जोरात उद्दीपित होत, पण प्रकाशाच्या खुणेनंतर रस मिळणारच हे माकडाच्या अंगवळणी पडल्यावर त्या रसाला नव्हे तर खुणेला प्रतिसाद देत, आणि खूण दिसूनही रस आला नाही तर नेमक्या त्याच क्षणी त्यांची क्रिया नेहमीच्या पातळीखाली घसरत असे. वृत्तपत्रांतून डोपामीनला सर्रास ‘आनंदाचे रसायन’ म्हटले जाते, ते या निरीक्षणाशी जुळत नाही आणि मिशिगन विद्यापीठातील केंट बेरिज यांच्या प्रयोगांशी तर मुळीच नाही. मेंदूतील डोपामीन जवळपास संपवलेले उंदीर समोरच्या अन्नाकडेही वळत नाहीत, परंतु साखरेचे पाणी जिभेवर सोडले की इतर उंदरांप्रमाणेच ओठ चाटून ते चवीने गिळतात.