आता कुणाचा नंबर?

लहान मुलांना माणसांत वागायला शिकवताना

ईदच्या दुसऱ्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. ‘चल बेटा, खालाजानला सलाम कर,’ म्हणत अम्मी पाच वर्षांच्या मुलाला पुढे ढकलते. तो तिच्या ओढणीमागे दडतो. अम्मी हसून सांगते, ‘हा असाच आहे. शाळेतही कुणाशी बोलत नाही.’ शिरखुर्म्याच्या वाट्या फिरतात, विषय बदलतो. मुलाच्या मनात मात्र एवढंच राहतं : मी असाच आहे.

आपल्याला वाटतं, माणसांत मिसळणं हा स्वभाव आहे. कुणाला तो असतो, कुणाला नसतो. थोडं ते खरंही आहे. काही मुलं जन्मतः बुजरी असतात आणि बुजरं असणं हा दोष नाही. पण सलाम करणं, वस्तू मागून घेणं, आपला नंबर येईपर्यंत थांबणं, चुकलं तर माफी मागणं, त्रास दिला तर ‘थांब’ म्हणणं हे शिकण्याचे विषय आहेत. सायकल जशी पडत-धडपडत येते, तसंच हेही. सायकल न येणाऱ्या मुलाला आपण ‘तू असाच आहेस’ म्हणत नाही, मागची सीट धरून पळतो.

वयाप्रमाणे अपेक्षा

अमेरिकेतील संशोधक मिल्ड्रेड पार्टन यांनी बालवाडीतल्या मुलांचा खेळ पाहून १९३२ मध्ये एक निरीक्षण मांडलं. मूल आधी एकटं खेळतं, दुसऱ्यांचा खेळ नुसता बघतं. मग शेजारी बसून, पण आपापलं खेळतं. त्यानंतर एकमेकांच्या वस्तू घेत-देत खेळतं आणि शेवटी ठरवून, मिळून खेळतं. तीन वर्षांचं लेकरू चुलतभावाशेजारी बसून आपलंच मातीचं घर करत असेल, तर ते तुटक नाही. त्याच्या वयाला साजेसंच वागत आहे. खेळणं वाटून घेण्याची सक्ती या वयात केली तर त्याला फक्त हिसकावलं जाणं कळतं. चौथ्या-पाचव्या वर्षी मात्र ‘आधी तू, मग मी’ हे समजू लागतं. तिथून खरी संधी सुरू होते.

शब्द नसले की हात चालतो

मुरुडसारख्या गावात आपल्या मुलांची एक वेगळी अडचण असते, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. अनेक घरांत दखनी बोलली जाते आणि अंगणवाडीत मराठी. घरी ‘मेरेकू दे’ म्हणणारं लेकरू तिथे गेल्यावर ‘मला दे ना’ कसं म्हणायचं याच्याशी अडतं. वाक्य सापडत नाही, मग हात पुढे जातो आणि चेंडू ओढला जातो. ‘हा मारकुटा आहे,’ असा शिक्का बसतो. दुसरं लेकरू हात पुढे न करता गप्प बसतं. त्याच्यावर ‘मुकं’ असा शिक्का बसतो. दोघांकडेही कमी आहे ती एका वाक्याची.

म्हणून मुलाला अंगणवाडीत घालण्याआधी पाटी-पेन्सिलीइतकीच पाच वाक्यं महत्त्वाची आहेत. ‘मला पण खेळायचंय.’ ‘माझा नंबर कधी?’ ‘थांब, मला आवडत नाही.’ ‘चुकलं माझं.’ ‘ताई, मला समजलं नाही.’ घरी बाहुली आणि चमचे घेऊन खेळता खेळता ही वाक्यं म्हणून घ्या. अम्मीने कधी ताई व्हावं, कधी खेळायला न घेणारी मैत्रीण व्हावं. दोन भाषांचं ओझं वाटू देऊ नका. आपल्या दखनीतलं ‘नक्को’ हे मराठीच्या ‘नको’तूनच आलेलं आहे आणि ‘मैंच’मधला ‘च’ही मराठीचाच. लेकराला सांगा, अर्धी मराठी तर तुला येतेच.

नंबर लावणं

लातूर जिल्ह्याला रांगेचं महत्त्व वेगळं सांगायला नको. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याआधी पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून प्रशासनाने जमावबंदी लावली होती. टंचाईत मोठ्या माणसांचाही धीर सुटतो, मग चार वर्षांच्या लेकराकडून तो आपोआप कसा यावा? थांबणं शिकवावं लागतं, तेही टंचाई नसताना, रोजच्या लहान गोष्टींत.

महाराष्ट्रात बालशिक्षण रुजवणाऱ्या ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासोबत १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ सुरू केला. पुढे अनुताई वाघ यांना सोबत घेऊन बोर्डी आणि कोसबाड येथे त्यांनी गरीब व आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. ज्या माँटेसरी पद्धतीवरून त्यांनी सुरुवात केली, तिच्यात एक साधी युक्ती आहे : वर्गात प्रत्येक साधन एकच ठेवायचं. ते दुसऱ्याच्या हातात असेल तर त्याचं होईपर्यंत थांबायचं. आपण घरात भांडण नको म्हणून दोन भावंडांना दोन सारख्या गाड्या आणतो. भांडण टळतं, शिकणंही टळतं. कधीतरी एकच गाडी असू द्या. ‘दहा चकरा त्याच्या, मग दहा तुझ्या,’ असं मोजून ठरवा. मोजता येणारं थांबणं मुलाला झेपतं. नुसतं ‘थांब’ झेपत नाही.

स्वतःवर नजर

खरा प्रश्न यापुढे आहे. अम्मी समोर असेपर्यंत मूल नीट वागतं, पाठ फिरली की नाही. म्हणजे लक्ष अजून आपलंच आहे, त्याचं नाही. मुहासबा, म्हणजे स्वतःचा हिशेब स्वतः घेणं, हा शब्द आपल्या घरांना परका नाही. त्याची पहिली पायरी लहानपणीच चढता येते. त्यासाठी काही गोष्टी करून पाहा.

एका वेळी एकच गोष्ट निवडा. ‘चांगला वाग’ हे मुलाला दिसत नाही. ‘घेण्याआधी विचारायचं’ हे दिसतं. दोन-तीन आठवडे फक्त तेवढंच.

मोजणी मुलाच्या हातात द्या. एक वाटी आणि मूठभर चिंचोके पुरेत. विचारून घेतल्याचं आठवलं की त्याने स्वतः एक चिंचोका वाटीत टाकायचा. आपण टाकायचा नाही आणि चुकल्यावर काढूनही घ्यायचा नाही. चिंचोक्यांच्या बदल्यात चॉकलेट नको, नाहीतर हिशेब वागण्याचा न राहता चॉकलेटचा होतो. भावा-बहिणीच्या वाट्या शेजारी ठेवून तुलनाही नको. आणि वाटी लहान मुलांना अंगणापासून दूर ठेवा. बारीक मुलं चिंचोके तोंडात घालतात.

झोपताना तीन प्रश्न विचारा. आज कुणासोबत खेळलास? कुठे थांबता आलं? कुठे जमलं नाही, उद्या काय करशील? पण आधी अम्मीने किंवा अब्बांनी स्वतःचं सांगायचं : ‘आज मी दादीवर उगाच चिडले, मग जाऊन माफी मागितली.’ मोठ्यांकडूनही चुकतं आणि सुधारता येतं, हे ऐकलेलं मूल आपली चूक लपवत नाही.

चार-पाच वर्षांची मुलं स्वतःला जरा जास्तच गुण देतात. दिवसभर भांडून ‘मी आज कुणाला मारलं नाही’ असं सांगतात. ते खोटं बोलणं नसतं. स्वतःकडे बाहेरून पाहणं अजून जमत नसतं. ‘खोटारडा’ म्हणू नका. ‘चेंडूच्या वेळी काय झालं होतं?’ एवढंच विचारा. सात-आठ वर्षांपर्यंत त्याचा अंदाज आपल्या अंदाजाच्या जवळ येऊ लागतो. तेव्हा चिंचोक्यांची गरज उरत नाही. वाटी उचलून ठेवावी.

शाळाही आता याच दिशेने येत आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये समग्र प्रगती पत्रकाची कल्पना आहे. त्यात शिक्षकांच्या नोंदीसोबत मुलाने स्वतःचं आणि सोबत्यांनी त्याचं केलेलं मूल्यमापनही अपेक्षित आहे. शाळेतून असं पत्रक आलं तर फक्त गुणांचा रकाना वाचून सही करू नका. मुलाला जवळ घेऊन त्याने स्वतःबद्दल काय म्हटलं ते वाचा.

शेजारच्या बीड जिल्ह्यात २००९ मध्ये ५०० प्राथमिक शाळांतून ‘मूल्यवर्धन’ हा उपक्रम सुरू झाला आणि पुढे राज्य शासनाच्या सहकार्याने राज्यभर पोचला. त्यात मुलं जोडीने आणि गटाने काम करतात, मिळून खेळतात, बोलतात, ऐकतात. तो सुरू करणारे शांतिलाल मुथ्था म्हणजे १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर आपल्या भागातली सुमारे १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेणारे कार्यकर्ते.

चारचौघांत नको

हजरत उमर बिन अबी सलमा (रजि.) लहानपणी प्रेषितांच्या (स.) घरी वाढले. जेवताना त्यांचा हात ताटभर फिरे. प्रेषितांनी (स.) त्यांना अल्लाहचं नाव घ्यायला, उजव्या हाताने खायला आणि आपल्या समोरचं खायला सांगितलं. काय करायचं ते सांगितलं. तू कसा आहेस ते सांगितलं नाही. पुढे आयुष्यभर आपण तसंच जेवलो, असं ते स्वतः सांगत. आपण नेमकं उलट करतो. दहा पाहुण्यांसमोर मुलाचे दोष मोजतो आणि करायचं काय ते सांगायचं राहून जातं.

एक काळजी मात्र घ्यावी. तीन वर्षांचं मूल नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, नजर देत नसेल, बोलत नसेल किंवा येत असलेलं बोलणं थांबलं असेल, तर ‘होईल मोठं झाल्यावर’ म्हणत थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची एकदा मोफत तपासणी होते. त्या दिवशी मुलाला आवर्जून पाठवा, शंका डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लवकर कळलं तर पुष्कळ काही करता येतं.

पुढच्या ईदला पाहुणे यायच्या आधी पाच मिनिटं काढा. दाराशी खोटा-खोटा पाहुणा होऊन अब्बांनी यावं आणि लेकराने सलाम करावा. नुसती मान हलवायची, हात पुढे करायचा की तोंडाने म्हणायचं, ते त्यालाच निवडू द्या. खरे पाहुणे आल्यावर तो ओढणीमागे गेलाच, तर एवढंच म्हणा, ‘तो सलाम करायला शिकतोय.’ ओढणीमागून तो तेही ऐकत असतो.