साठा किती, मुक्काम किती

उन्हाळा तापू लागला की सोलापूर-पुण्याकडच्या वर्तमानपत्रांत एक बातमी बहुतेक वर्षी येते : उजनी मायनसमध्ये गेले. बाहेरच्या माणसाला कोडे पडते. धरणात लांबवर पाणी दिसत असताना साठा शून्याच्या खाली कसा? भीमेवरच्या या धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे. मात्र त्यातले जवळपास ६४ टीएमसी हा ‘मृत साठा’. तो तळाशी असतो, गाळ साचण्यासाठी जागा म्हणून धरलेला असतो आणि सिंचनाच्या हिशेबात येत नाही. उरलेले साडेत्रेपन्न टीएमसी म्हणजे ‘उपयुक्त साठा’. रोजच्या बातमीतली टक्केवारी असते ती एवढ्याचीच. त्यामुळे ‘उणे २० टक्के’ याचा अर्थ मृत साठ्यातूनही पावणेअकरा टीएमसीच्या आसपास पाणी गेले. पाणी बरेच उतरले की इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवचे बुडालेले जुने मंदिर उघडे पडते, ते पाहायला लोक गर्दी करतात.

म्हणजे ११७ हा आकडा खरा असूनही त्यावर कारभार चालत नाही. भूगर्भशास्त्र, हवामानशास्त्र, रोगशास्त्र आणि अलीकडे संगणकशास्त्र, या सगळ्यांत ‘साठा’ ही संकल्पना कळीची आहे, आणि सगळीकडे हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. साठा एकूण किती, यापेक्षा त्यातला किती हाती लागतो, आवक-जावक किती आणि आत गेलेली वस्तू किती काळ मुक्काम करते, हे प्रश्न जास्त महत्त्वाचे ठरतात.

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात १९७४ साली ‘सागर सम्राट’ या जहाजाने केलेल्या खोदकामात तेल लागले आणि ‘बॉम्बे हाय’ हे नाव घरोघरी पोहोचले. समुद्रतळाखाली तेलाचे तळे आहे, असे चित्र अनेकांच्या डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात तिथे आहे चुनखडीचा खडक. अनारशाला जाळी पडावी तशी त्या खडकात बारीक छिद्रे आहेत आणि तेल त्या छिद्रांत अडकलेले आहे. छिद्रे पुष्कळ असून भागत नाही, ती एकमेकांना जोडलेली असावी लागतात. नाहीतर तेल विहिरीपर्यंत वाहतच नाही. सुरुवातीला खडकातला दाबच तेलाला वर ढकलतो. उपसा वाढला की दाब घटतो, म्हणून मग खडकात पाणी दाबून भरावे लागते. बॉम्बे हायमध्ये हे काम १९८० च्या दशकात सुरू झाले. एवढा खटाटोप करूनही जगभरातल्या तेलक्षेत्रांचा सरासरी अनुभव असा, की खडकातल्या तेलापैकी साधारण एक तृतीयांशच वर येते. बाकीचे छिद्रांच्या भिंतींना धरून तिथेच राहते.

आता मुक्कामाचा हिशेब. साठ्याला रोजच्या जावकीने भागले की एखादा कण तिथे सरासरी किती काळ राहतो ते कळते. समुद्रात पाण्याच्या रेणूचा मुक्काम सुमारे तीन हजार वर्षांचा, तर वाफ होऊन हवेत गेल्यावर तो जेमतेम नऊ-दहा दिवसांचा. हवेतला पाण्याचा साठा सतत नव्याने भरावा लागतो तो म्हणूनच. पावसाची भिस्त हवेत किती वाफ आहे यापेक्षा समुद्रावरून वाऱ्याबरोबर किती येत राहते यावर जास्त असते.

कार्बनच्या बाबतीत हे गणित जिवावर बेतणारे आहे. हवेत आज सुमारे ८७० अब्ज टन कार्बन आहे आणि समुद्रात ३८ हजार अब्ज टन. कोळसा, तेल आणि वायू जाळून माणूस दर वर्षी हवेत सुमारे १० अब्ज टन कार्बन सोडतो. समुद्राच्या साठ्यापुढे हे किरकोळ वाटेल. पण समुद्राचा वरचा थर आणि खोल पाणी यांची सरमिसळ व्हायला शेकडो वर्षे लागतात. कोठी एवढी मोठी असली तरी तिचे दार अरुंद आहे. त्यामुळे आपण सोडलेल्यापैकी जवळपास निम्मा भाग हवेतच साचत जातो. उद्योगयुगापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे २८० भाग होते, आज ते ४२० च्या पुढे गेले आहेत.

अल्प मुक्कामही उपयोगी पडतो, हे संगणकाच्या संशोधकांनी दाखवले. २००३ मध्ये ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठात क्रिसांथा फर्नांडो आणि साम्पसा सोयाक्का यांनी पाण्याचे एक भांडे घेतले. ‘झिरो’ आणि ‘वन’ या इंग्रजी शब्दांच्या ध्वनिमुद्रणांवरून त्यांनी छोट्या मोटरी चालवल्या. पाण्यावर तरंग उठले, एकमेकांत मिसळले, आणि कॅमेऱ्याने ते टिपले. त्या चित्रांवरून साध्या गणिती जुळणीने कोणता शब्द होता ते ओळखता आले. क्षणापूर्वीचा तरंग विरण्याआधी पुढच्या तरंगात मिसळतो, म्हणून पाण्यात नुकत्याच घडून गेलेल्याची आठवण थोडा वेळ शिल्लक राहते. पाणी लगेच शांत झाले असते किंवा कधीच शांत झाले नसते, तर हा प्रयोग फसला असता.

रोगांच्या बाबतीत पहिला प्रश्न असतो, साठा आहे कुठे? १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलाजवळ माकडे मरू लागली आणि माणसेही तापाने आजारी पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी विषाणू शोधून काढला. लोकांच्या तोंडी नाव बसले ‘माकडताप’. २०१६ मध्ये तो सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात पोहोचला. पण माकड हा विषाणूचा खरा साठा नव्हे, कारण ते स्वतःच मरते. विषाणू टिकून राहतो तो गोचिडी आणि उंदीर-चिचुंद्र्यांसारख्या छोट्या प्राण्यांत. मेलेल्या माकडाच्या अंगावरून गोचिडी गळतात आणि तो परिसर धोक्याचा होतो. म्हणूनच जंगलात मेलेले माकड दिसले की लगेच कळवा, असे आरोग्य कर्मचारी गावोगाव सांगत असतात.

साठा सापडला नाही की काय होते, हे नारूने दाखवले. देवी हा रोग फक्त माणसांतच राहत होता, म्हणून तो जगातून घालवता आला. नारूही तसाच, असे मानले जाई. भारत २००० साली नारूमुक्त जाहीर झाला. १९८० च्या दशकाच्या मध्यावर जगात वर्षाला सुमारे ३५ लाख लोकांना नारू होत असे, तो आकडा आता मोजक्या रुग्णांवर आला आहे. तरीही शेवट होत नाही, कारण २०१२ पासून आफ्रिकेतल्या चाड देशात कुत्र्यांमध्ये नारू आढळू लागला. तिथे लागण झालेली कुत्री बांधून ठेवणाऱ्या मालकांना आता रोख बक्षीस दिले जाते.

सर्वांत चिवट साठा माणसाच्या शरीरातच आहे. एचआयव्हीवरच्या एकत्रित औषधांनी रक्तातला विषाणू चाचणीत दिसेनासा होतो. पण १९९७ मध्ये संशोधकांनी दाखवले, की रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या काही स्मृतिपेशींच्या जनुकांत तो झोपून राहतो. हे प्रमाण साधारण दहा लाख निद्रिस्त पेशींत एक इतके अल्प असते. हा साठा निम्मा व्हायला सरासरी ४४ महिने लागतात, म्हणजे औषधांच्या भरवशावर तो संपायला ७० वर्षांहून अधिक काळ जावा लागेल. औषध थांबवले की बहुतेक रुग्णांत काही आठवड्यांत विषाणू परततो. या पेशी जाग्या करून मारता येतील का, की त्यांना कायमचे झोपवता येईल, यावर काम सुरू आहे. तोवर रोजची गोळी न चुकवणारा रुग्ण निरोगी राहू शकतो, आणि रक्तातला विषाणू चाचणीत दिसत नाही तोपर्यंत त्याच्याकडून जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही.