जुगाराचे व्यसन : स्वरूप, सुरक्षितता आणि साहाय्य (तुमसर परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात सर्वस्व गमावलेल्या जुगाऱ्याचे चित्र आले आहे. सासू त्याचा द्वेष करते, पत्नी दूर सारते आणि आईवडील व भाऊ त्याला ओळख देण्याचेही नाकारतात. महाभारतातील द्यूतसभा सर्वांना परिचित आहे. तथापि कुटुंबाने तोंड फिरविण्याचा अनुभव या सूक्ताने अधिक नेमका टिपला आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. आजही आपल्याकडे जुगारी हा एकतर नालायक ठरतो किंवा गुन्हेगार. तो रुग्ण असू शकतो हा विचार सर्वांत शेवटी येतो, आणि तोपर्यंत घरातील शेती वा दागिने गेलेले असतात. प्रस्तुत लेखात या विलंबाचा विचार प्राध्यापकांच्या भूमिकेतून केला आहे.

परिसरातील स्वरूप :
तुमसर ही धानाची बाजारपेठ. खरिपाचे धान विकले गेले की हाती एकरकमी पैसा येतो. पोळ्याच्या सुमारास रंगणारे पत्त्यांचे डाव, आडबाजूला भरणारा कोंबडबाजार आणि पानठेल्याच्या आडोशाने चालणारी सट्टापट्टी हे प्रकार पूर्व विदर्भात कोणास नवीन नाहीत. सट्टापट्टीचे मूळ मुंबईत आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या व बंद होणाऱ्या भावांवर तेथे पैजा लागत. तो आधार संपल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळी मटका सुरू केला आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांचा मटका आला. कापसाचा संबंध संपला, मात्र 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द टिकून राहिले.

या खेळाचे गणित वर्गात फळ्यावर मांडावे इतके सोपे आहे. एका अंकावर लावलेल्या रकमेच्या साधारणतः नऊपट आणि जोडीवर नव्वदपट रक्कम मिळते. अंक दहा व जोड्या शंभर. सर्व अंकांची शक्यता समान मानली आणि व्यवहार प्रामाणिक आहे असे गृहीत धरले, तरी लावलेल्या दर शंभर रुपयांमागे सरासरी दहा रुपये खेळ चालविणाऱ्याकडे राहतात. जिंकलेले पैसे पुन्हा लावले की त्यातूनही दहावा हिस्सा जातो. खेळणारा जितका अधिक काळ खेळेल तितके त्याचे बुडणे निश्चित होत जाते.

भ्रमणध्वनीने या व्यवहारातील लाज आणि अंतर दोन्ही संपविले. जुलै २०२३ मध्ये ऑनलाइन जुगारात सुमारे ५८ कोटी रुपये गमावल्याची नागपूरच्या एका व्यापाऱ्याची तक्रार उजेडात आली आणि तपासाचे धागे शेजारच्या गोंदियापर्यंत पोहोचले. वृत्तांनुसार आरंभी हा व्यापारी काही कोटी रुपये जिंकला होता. ही बाब लक्षणीय आहे. कारण व्यसनाची सुरुवात पुष्कळदा हरण्याने नव्हे, तर जिंकण्याने होते.

व्यसनाची संकल्पना :
अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९८० मध्ये विकृत जुगाराचा समावेश आपल्या वर्गीकरणात केला आणि २०१३ मध्ये त्याला मद्य व अमली पदार्थांच्या व्यसनांच्या गटात आणले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या वर्गीकरणातही हा विकार व्यसनजन्य वर्तनांत नोंदविला आहे. खेळावरील नियंत्रण सुटणे, इतर सर्व कामांपेक्षा जुगारास प्राधान्य मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालू राहणे, ही त्याची मुख्य लक्षणे होत.

बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांत असे आढळले की बक्षीस ठरावीक वेळी न मिळता अनिश्चितपणे मिळत गेल्यास वर्तन सर्वाधिक चिवट बनते. शिवाय ४७ वर पैसे लावले आणि ४६ आला, तर हरल्याऐवजी 'थोडक्यात हुकले' अशी भावना होते. वस्तुतः ४६ आणि ०३ यांत काडीचाही फरक नसतो. पुढे गेलेली रक्कम काढण्यासाठी अधिक रक्कम लावली जाते. 'एकदा पैसे निघाले की सोडतो' हे वाक्य सुटण्याचे नव्हे, अडकल्याचे लक्षण समजावे.

कायदा :
१८८७ चा जुगार प्रतिबंधक अधिनियम महाराष्ट्रात आजही लागू असून त्यान्वये अड्ड्यावर सापडलेला खेळाडूही दंडनीय ठरतो. त्यामुळे मदत मागणे म्हणजे गुन्ह्याची कबुली, अशी भीती निर्माण होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याची दृष्टी निराळी आहे. पैशांचे खेळ चालविणे व त्यांची जाहिरात करणे हा त्यात गुन्हा असून खेळणाऱ्यास शिक्षेची तरतूद नाही. (राज्य शासनाची स्वतःची लॉटरी १९६९ पासून आहे, हेही ओघाने नमूद करावे लागते.) कुटुंबीयांना सहसा ठाऊक नसलेली आणखी एक बाब म्हणजे, १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम ३० नुसार पैजेचा करार शून्य असतो, बुकीला त्याची रक्कम न्यायालयामार्फत वसूल करता येत नाही. परवान्याविना सावकारी हाही २०१४ च्या राज्य कायद्यान्वये गुन्हा असून त्याची तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करता येते.

साहाय्य :
ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलिमानस' ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर निःशुल्क व अहोरात्र उपलब्ध असून तेथे मराठीतून बोलता येते. प्रत्यक्ष भेटीसाठी भंडाऱ्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय आणि नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. उपचारात प्रामुख्याने समुपदेशन आणि विचार व वर्तन बदलण्याची पद्धती वापरली जाते. घरच्यांनी एकाच वेळी सर्व कर्ज फेडून टाकू नये. त्यामुळे पुन्हा खेळण्यास मोकळीक मिळते. त्याऐवजी बँक खाते व एटीएम कार्ड काही काळ विश्वासू व्यक्तीने सांभाळावे आणि यूपीआयची दैनंदिन मर्यादा कमी करून घ्यावी. कर्जाने घेरलेल्या व्यक्तीस जीव देण्याचा विचार येतो का, असे स्पष्टपणे विचारावे. विचारल्याने तो विचार मनात उत्पन्न होत नाही. उत्तर होकारार्थी असल्यास तिला एकटे सोडू नये.

दोन वर्षांपूर्वी द्वितीय वर्षातील एका विद्यार्थ्याने परीक्षा अर्ज भरला नाही, म्हणून प्रस्तुत लेखकाने त्याला सर्वांसमक्ष बोल लावले. तो वर्गात येईनासा झाला. शिष्यवृत्तीची रक्कम क्रिकेटच्या सट्ट्यात गेल्याचे पुढे त्याच्या मित्राकडून समजले. घरी निरोप पाठविल्यावर त्याची आई महाविद्यालयात आली; विभागातील खोलीचे दार लोटून आम्ही १४४१६ वर दूरध्वनी लावला. बराच वेळ तो गप्प होता. नंतर बोलू लागला, तेव्हा एकूण रक्कम त्याने प्रथमच खरी सांगितली; आईला ठाऊक होती त्याच्या चौपट.